चिन्नोरच्या बांधीतला अमाल्गमेट

आमगावहून लांजीच्या रस्त्यानं निघालं की सात-आठ किलोमीटरवर एक गाव लागतं. तिथं सकाळी कुणी म्हशीला ‘मूव्ह असाइड’ म्हणताना ऐकू आलं तर घाबरायचं कारण नाही. केवलराम बिसेन उठला, एवढाच त्याचा अर्थ. म्हैस बाजूला होते का, तर होते. पण ती केवलरामच्या हातातल्या काडीमुळं होते, इंग्रजीमुळं नाही. केवलराम हे मान्य करत नाही, तो भाग वेगळा.

या माणसाला इंग्रजीनं दहावीत तीनदा पाडलं. गणितात पास, इतिहासात पास, मराठीत तर चांगले मार्क, आणि इंग्रजीपाशी येऊन गाडी जी थांबली ती थांबलीच. चौथ्यांदा पडायला तो गेला नाही. बाप म्हणाला नांगर धर, त्यानं धरला. याला आता पस्तीस वर्षं झाली, लग्न झालं, पोरीचं शिक्षण झालं, मिशी पांढरी झाली, पण गड्यानं इंग्रजीवरचा दावा काही मागं घेतला नाही. एखाद्याचं भावाशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण असतं ना, तसं याचं इंग्रजीशी होतं. दिसली की हा बाह्या सरसावून उभा.

पोरगी गुंजन बँकेच्या परीक्षांची तयारी करायची. रोज दहा इंग्रजी शब्द कागदावर लिहून ती स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवायची, म्हणजे येता-जाता नजरेखालून जातील. तो कागद तिच्यापेक्षा बापच जास्त वाचायचा. दहा शब्द त्याला झेपत नसत. त्यातला सगळ्यात लांबलचक एक तो उचलायचा आणि दिवसभर तोंडात घोळवायचा. त्याचे दोन नियम होते. शब्द शंभरदा म्हणायचा, आणि दिवसातून पाच ठिकाणी वापरायचा. वापरला नाही तर तो झोपेत निघून जातो असं त्याचं ठाम मत. ‘पोस्टपोन’ शिकला त्या दिवशी त्यानं आंघोळ पोस्टपोन केली, दाढी पोस्टपोन केली आणि म्हशीचं शेण काढणंही पोस्टपोन केलं. तेव्हा अनुसयाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याचं जेवण पोस्टपोन केलं. तो शब्द त्याला आजही पक्का येतो.

आता अनुसयाबाईचं सांगतो, कारण ही गोष्ट केवलरामची दिसत असली तरी जीव टांगणीला लागला तो तिच्या बियाण्याचा.

अनुसयाबाईचं माहेर लांजीकडचं. लग्नात आईनं तिला सोनं दिलं ते नाकातलं. बाकी एक मडकं दिलं, चिन्नोरच्या बियाण्यानं भरलेलं. चिन्नोर म्हणजे जुनं, वासाचं धान. दाणा जिऱ्याएवढा. भात शिजला की तीन घरं पलीकडच्यांना कळतं आणि ते काहीतरी निमित्त काढून वाटी घेऊन येतात. पण या धानाचे नखरे फार. उंच वाढतं, वाऱ्यात लोळतं, सगळ्यांच्या शेवटी पिकतं आणि पिकून देतं किती, तर बाकीच्याच्या निम्मं. म्हणून गावानं ते केव्हाच सोडलं. अनुसयाबाईनं सोडलं नाही. विहिरीजवळची एक बांधी, म्हणजे धानाच्या शेताचा एक तुकडा, तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षी मागून घेतली, आणि गेली एकतीस वर्षं तिथं चिन्नोरशिवाय काही लागलं नाही. कापणीआधी ती स्वतः बांधीत उतरायची, लोंबी-लोंबी हातात घेऊन बियाण्यासाठी निवडायची, वाळवायची, कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात भरायची आणि मडक्याचं तोंड मातीनं लिंपायची. त्या मडक्याला केवलरामनं हात लावायचा तर धुऊन, आणि विचारून. कारण साधं होतं. दुसऱ्या धानाचे चार दाणे त्यात गेले तर चाराचे चारशे व्हायला वेळ लागत नाही, आणि मग आईनं दिलेलं चिन्नोर राहत नाही, नुसतं नाव राहतं.

गेल्या वर्षी पऱ्हे टाकले, म्हणजे रोपांसाठी बी फेकलं, तर पाखरांनी सगळं टिपून नेलं. अनुसयाबाईनं मडक्यात राहिलेलं बियाणं दुसऱ्यांदा टाकलं. मडकं रिकामं झालं. आता जे काही चिन्नोर होतं ते विहिरीजवळच्या त्या हिरव्या पऱ्ह्यात होतं, घरात एक दाणा नव्हता.

आणि नेमका त्याच वर्षी, रोवण्याच्या दिवशी, दारावरच्या कागदावर आठव्या नंबरला ‘अमाल्गमेट’ आला.

केवलराम कागदासमोर उभा राहिला आणि खूश झाला. असा भरदार शब्द कित्येक दिवसांत आला नव्हता. त्यानं गुंजनला हाक मारून अर्थ विचारला. ती म्हणाली, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून त्यांची एकच गोष्ट करणं. हा म्हणाला, म्हणजे मिक्स. ती म्हणाली, मिक्स साधा झाला, हा फॉर्मल आहे. दोन बँका एक होतात, दोन कंपन्या एक होतात, दोन ऑफिसं एक होतात, तिथं वापरतात. वरण-भाताला वापरू नका बाबा, हेही तिनं बजावलं, कारण बापाची नजर ताटाकडं वळलेली तिला दिसली होती.

केवलराम हिरमुसला. पाच ठिकाणी वापरायचा शब्द, आणि घरात फॉर्मल म्हणावं असं काय होतं? त्यानं सगळीकडं बघितलं. गॅस, पाण्याचा ड्रम, खुंटीवरची छत्री, दोन कोंबड्या. कोंबड्यांना अमाल्गमेट करता येत नाही. शेवटी वापरायचं नंतर बघू, आधी शंभर वेळा म्हणून तर टाकू, असं ठरवून तो शेताकडं निघाला.

रोवण्याची आमच्याकडची रीत ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. बाया चिखलात वाकून, मागं सरकत सरकत रोवतात. पऱ्ह्याच्या पेंढ्या धुऱ्यावर रचलेल्या असतात आणि त्या बांधीत फेकायचं काम गड्याचं. बाईच्या पायाशी जी पेंढी पडते ती ती उचलते, सोडते आणि रोवते. कोणत्या बांधीत कोणतं धान जायचं हे फेकणाऱ्यानं बघायचं असतं. म्हणून घरचा जाणता माणूसच पेंढ्या फेकतो. अनुसयाबाई त्या दिवशी घरी बारा बायांची भाजी रांधत होती, तेव्हा जाणता माणूस केवलराम होता. आता काय बोलावं!

बाया विहिरीजवळच्या बांधीत उतरल्या होत्या आणि धुऱ्यावर दोन ढीग होते. डावीकडं चिन्नोरचा. उजवीकडं पलीकडच्या बांध्यांसाठी काढलेलं विकायचं बारीक धान. केवलरामनं पहिली पेंढी उचलली आणि पाठांतर सुरू केलं. शब्दाला चांगली लय सापडली. ‘अमाल्’ला वाकायचं, ‘ग’ला पेंढी उचलायची आणि ‘मेट’ला फेकायची. काय फेकत होता म्हणून सांगू! बाया म्हणू लागल्या, आज बिसेनभाऊच्या अंगात आलं वाटते. एकीनं कंबर सरळ करून विचारलंही, की काही पऱ्हे उंच आणि काही बुटके काऊन लागून राहिले हाताले? त्या वेळी हा त्रेसष्टवर होता. मोजणी चुकेल म्हणून त्यानं नुसता हात हलवला, रोवा रोवा. बाई वाकली आणि रोवू लागली.

शंभर झाले तेव्हा केवलराम थांबला, घाम पुसला आणि खाली बघितलं. डावीकडचा ढीग निम्मा तसाच होता. उजवीकडच्या ढिगाला भलंमोठं भगदाड पडलं होतं. अख्खा वेळ तो दोन्ही ढिगांतून फेकत होता, जो हाताला लागेल त्यातून.

खरं तर तेव्हाच बायांना थांबवता आलं असतं. उरलेले चिन्नोरचे पऱ्हे दुसऱ्या एखाद्या कोपऱ्यात वेगळे रोवता आले असते, बियाण्यापुरतं तरी शाबूत राहिलं असतं. पण त्यासाठी बारा बायांसमोर तोंड उघडावं लागलं असतं, आणि बारा बायांना कळलं म्हणजे भाजी खाली उतरायच्या आत अनुसयाबाईला कळलं. केवलराम घाबरला. आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यानं केलं, पुरावा नाहीसा केला. बाया जेवायला गेल्या तेव्हा त्यानं चिन्नोरच्या उरलेल्या पेंढ्या गोळा केल्या आणि म्हशीपुढं टाकल्या. म्हशीनं विचारलं नाही. कुणाच्या आईचं बियाणं आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं, तिनं मिटक्या मारत संपवलं.

दीड महिना बरा गेला. भादव्यात मात्र बांधी बोलू लागली. कुठं गडद हिरवं, कुठं पोपटी. कुठं कमरेएवढं, कुठं गुडघ्याएवढं. अनुसयाबाई निंदायला गेली आणि धुऱ्यावरच उभी राहिली. संध्याकाळी तिनं नवऱ्याला विचारलं, “माही बांधी अशी चट्ट्यापट्ट्याची काऊन दिसून राहिली?”

केवलराम पाय धुत होता. त्याला ठाऊक होतं हा प्रश्न येणार, उत्तरं त्यानं चार-पाच तयार करून ठेवली होती. खताचं, पाण्याचं, किडीचं. पण ऐन वेळी त्यातलं एकही तोंडात आलं नाही. आला तो शब्द. शंभरदा घोकलेला, अजून एकदाही न वापरलेला.

“अमाल्गमेट केलो,” तो म्हणाला.

आणि मग सुटला की हो! दोन वेगळे धान एका बांधीत लावायचे, चिन्नोरचा वास याला लागतो आणि याचा उतारा चिन्नोरला येतो, नवीन पद्धत आहे, आपल्याकडं कुणाला माहीत नाही. बोलता बोलता त्याचं त्यालाच ते पटू लागलं. अनुसयाबाईनं ऐकून घेतलं, आत गेली आणि गुंजनला विचारलं, अमाल्गमेट म्हणजे काय वो? गुंजननं वहीतून मान वर न काढता सांगितलं: दोन चांगल्या गोष्टींची एक करणं. बँका करतात, मोठ्या कंपन्या करतात. शेताकडं ती पोरगी कधी फिरकायची नाही, तिला कुठून कळणार की आईनं हे कशावरून विचारलं.

आता मला सांगा, एकतीस वर्षं जिनं त्या मडक्याला वारा लागू दिला नाही, ती बाई चिडायला पाहिजे होती की नाही? केवलराम ओसरीवर बसून त्याचीच वाट बघत होता. ती बाहेर आली ती चहा घेऊन. म्हणाली, मले पहिले सांगाले पाहिजे होतं; पण तुमी केलं त समजूनच केलं असन. एवढं बोलून ती गेली. केवलरामनं तो चहा तसाच बाजूला ठेवला. शिव्या बसल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटलं.

यानंतर जे झालं त्यात केवलरामचा हात नव्हता. खोटं एकदा घराबाहेर पडलं की ते चालवायला लोक असतात. अनुसयाबाईनं बचत गटात सांगितलं, की गुंजनच्या बाबांनी माझ्या चिन्नोरवर नवा प्रयोग केला आहे. बायांनी घरी नवऱ्यांना सांगितलं. नवऱ्यांनी चहाच्या टपरीवर केवलरामला विचारलं, आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा लोक त्याला इंग्रजी शब्दाचा अर्थ गंभीरपणे विचारत होते. हसायला नाही, शिकायला. भाऊ विरघळला. टपरीवर त्यानं तो शब्द पाच नाही, पंचवीस ठिकाणी वापरला. वर, हा फॉर्मल आहे, वरण-भाताला वापरू नका, असंही त्यानं लोकांना बजावलं.

शेवटी गोवर्धनपर्यंत गेलं. गोवर्धन म्हणजे गावचा कृषिमित्र. तालुक्याचे साहेब आले की त्यांच्यासोबत फिरायचं आणि शेतकऱ्यांना नवीन गोष्टी दाखवायच्या, हे त्याचं काम. त्याच्याकडं दाखवायला बरेच दिवस काही नवीन नव्हतं. तो आला, बांधीचे मोबाइलवर फोटो काढले, ग्रुपवर टाकले आणि सांगून टाकलं, की दिवाळीआधी याच धुऱ्यावर शेतीशाळा घेऊ, बिसेनकाका माहिती देतील. केवलरामनं खूप आढेवेढे घेतले. लोकांनी तो विनय समजला.

शेतीशाळेआधीच्या आठ दिवसांत त्याच्या घरात अजून एक गोष्ट चालली होती, ती त्याला एका दुपारी कळली. तो मागल्या दारानं आला तर स्वयंपाकघरातून आवाज येत होता. अनुसयाबाई पोळ्या लाटता लाटता म्हणत होती, अमल, अमालग, अमाल्ग, आणि गुंजन तिला दुरुस्त करत होती. शेतीशाळेत बायाही येणार, बियाणं आपलं, कुणी विचारलं तर नवऱ्याच्या कामाचं नाव आपल्याला धड घेता यावं, एवढ्यासाठी ती चौथी शिकलेली बाई तो अवघड शब्द घोटत होती. केवलराम पावलं न वाजवता परत फिरला आणि बराच वेळ गोठ्यात जाऊन बसला. त्या दिवशी सांगून टाकायचं त्यानं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशीही ठरवलं होतं.

शेतीशाळेला चाळीसेक माणसं जमली. बांधी तोवर अशी दिसत होती, की म्हाताऱ्यानं केस अर्धे रंगवावेत आणि रंग संपावा. बारीक धान पिवळं पडलेलं, मधे मधे चिन्नोर हिरवंगार उभं. केवलरामनं इस्त्रीचा सदरा घातला होता आणि त्याला दरदरून घाम फुटला होता. गोवर्धननं मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि म्हणाला, बियाणं काकूंचं आहे तर दोन शब्द आधी काकू बोलतील.

अनुसयाबाई उभी राहिली. पदर नीट केला. म्हणाली, हे माझ्या आईचं चिन्नोर आहे, एकतीस वर्षं मी कुणाला मिसळू दिलं नाही. यंदा गुंजनच्या बाबांनी ते अमाल्गमेट केलं. शब्द अगदी स्वच्छ, कुठं अडखळली नाही. मग म्हणाली, मले त्यातलं काही समजत नाही, पण त्यांचा अभ्यास आहे आणि माहा त्यांच्यावर भरोसा आहे. बायांनी टाळ्या वाजवल्या. गुंजननं सगळ्यात जोरात वाजवल्या.

टाळ्या थांबल्या तशी रुख्मा उठली. रुख्मा म्हणजे सत्तरीची, एकटी राहणारी, गावात अनुसयाबाईनंतर जुनं बियाणं जपणारी एवढी एकच बाई. तिच्याकडं सासूच्या हातचं हिरानकी धान होतं, तीन पायल्या, त्याशिवाय तिच्याकडं फार काही नव्हतंही. तिनं कमरेची पुरचुंडी सोडली, त्यातलं थोडं धान तळहातावर घेतलं आणि केवलरामसमोर धरलं. म्हणाली, “अनुसयेनं आपल्या मायचं देल्लं, त मी कायले राखून ठेवू? हेबी करून दे गा बाबू. येत्या साली समदंच टाकतो मी.”

केवलरामनं त्या तळहाताकडं बघितलं. त्याला काय वाटलं असेल ते वाटलं असेल, पण त्यानं पहिली गोष्ट केली ती ही, की रुख्माची मूठ आपल्या दोन्ही हातांनी बंद केली.

“मामी, हे घरी ने आन मडक्यात ठेव,” तो म्हणाला. “अमाल्गमेट-गिमाल्गमेट काही नाही. मी शब्द पाठ करून राहिलो होतो आन पेंढ्या कोणत्या फेकून राहिलो ते पाहिलोच नाही. चुकलो. भेव लागला मनून खोटा बोललो.”

कुणाला आधी समजलंच नाही. मग सगळं सांगावं लागलं, दोन ढीग, शंभर वेळा, आणि उरलेल्या पेंढ्या. म्हशीनं खाल्ल्या म्हटल्यावर मागून एकजण फिस्सकन हसला, आणि मग धरणाचं दार उघडावं तसं अख्खं गाव हसलं. गोवर्धननं गुपचूप मोबाइल खिशात टाकला. ग्रुपवरचे फोटो त्यानं तिथंच काढले, पण लोकांनी ते आधीच पुढं पाठवले होते. रुख्माही हसत होती, पुरचुंडी मात्र तिनं दोन गाठी मारून बांधली.

अनुसयाबाई हसली नाही. ती उठली आणि घराकडं चालू लागली. केवलराम मागोमाग गेला. घरी पोचल्यावर तिनं एकच विचारलं.

“म्हशीले किती पेंढ्या टाकल्या?”

“चाळीस-बेचाळीस.”

तिनं मान हलवली आणि आत गेली. त्यानंतर पाच दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. जे काही असेल ते गुंजनमार्फत. बाबांना सांग पाणी तापलं, बाबांना सांग म्हैस ओरडून राहिली. गुंजननं आईची समजूत काढायला म्हणून सांगितलं, की पुस्तकाप्रमाणं बघितलं तर हे अमाल्गमेट झालेलंच नाही, दोन्ही धानं आपापल्या जागी आहेत, हे नुसतं मिक्स आहे. अनुसयाबाई म्हणाली, तुह्या बाबाले शिकव, माहं शिकून झालं. केवलरामनं दारावरच्या कागदाकडं बघणं सोडलं. म्हशीला ‘मूव्ह असाइड’ म्हणणंही सोडलं, आणि गंमत बघा, म्हैस तरीही बाजूला होत होती.

सहाव्या दिवशी अनुसयाबाई विळा घेऊन बांधीत उतरली. आधी तिनं पिवळं पडलेलं सगळं बारीक धान ठोंब-ठोंब वेचून कापलं आणि बाहेर काढलं. त्याला तीन दिवस लागले. मग चिन्नोर पिकेपर्यंत ती थांबली, आणि पिकलं तशी पुन्हा उतरली, बियाण्याच्या लोंब्या निवडायला. दोन्ही वेळेला केवलराम सोबत आला आणि दोन्ही वेळेला तिनं विळ्याच्या टोकानं धुरा दाखवला. तिथं बसा. तिचं म्हणणं तिनं एकदाच सांगितलं, की पेंढ्या फेकल्या तो हात बियाण्यात नको. केवलराम धुऱ्यावर बसायचा. गावातली माणसं रस्त्यानं जाताना विचारायची, काय काका, आज कोणता शब्द? तो खाली बघायचा. हे त्याला लागत होतं, पण त्याहून जास्त लागत होतं ते समोरचं. अर्ध्या एकराची ती बांधी, त्यात एकटी बायको, एकेक लोंबी उजेडात धरून बघते, पान चुरगळून नाकाशी नेते, आणि दहातली एक टोपलीत टाकते. आधीच्या वर्षी टोपली दुपारपर्यंत भरायची. यंदा तळ झाकला जात नव्हता. हे सगळं आपण केलं, हे त्याला दिवसभर बसून बघावं लागत होतं. दुसरं काम नव्हतं.

चौथ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा ती बांधीतून सरळ त्याच्याकडं आली. केवलराम गडबडीनं उठून उभा राहिला. तिनं हातातली लोंबी त्याच्यापुढं धरली.

“हे काय आहे, सांगा.”

केवलरामनं लोंबी घेतली. दाणा बारीक होता, पण चिन्नोरएवढा बारीक होता का? रंग तसाच होता, पण बांधीच्या कडेला सावलीत वाढलेलं बारीक धानही असंच दिसतं. त्यानं पान चोळून वास घेतला. वास आलाही, आणि भोवतीची अख्खी बांधीच चिन्नोरच्या वासानं भरली आहे हेही त्याच्या लक्षात आलं. दोनांतलं एक सांगायचं होतं. ठोकून दिलं असतं तर निम्म्यानं बरोबर यायची शक्यता होती, आणि ठोकून देण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. बायको वाट बघत होती. आपलं उत्तर चुकलं तर ही पुन्हा कधी विचारणार नाही, हे त्याला दिसत होतं. त्यानं लोंबी उलटी केली, सुलटी केली, एक दाणा दाताखाली फोडून बघितला.

“मले ओळखू येऊन नाही राहिलं,” तो शेवटी म्हणाला.

अनुसयाबाईनं लोंबी त्याच्या हातातून परत घेतली.

“मलेबी नाही,” ती म्हणाली. “अशा समद्या बाहेर टाकाच्या.” लोंबी तिनं धुऱ्यापलीकडं फेकून दिली आणि बांधीकडं वळली. दोन पावलं गेल्यावर मागं न बघता म्हणाली, “चाला, उतरा. मी एकटी किती करू?”

केवलरामनं चपला धुऱ्यावर काढून ठेवल्या आणि तिच्या शेजारच्या ओळीत उतरला.